माल पोचला, माणूस राहिला

गेल्या वर्षी आमच्या अर्थशास्त्राच्या वर्गात एक वादसभा झाली. विषय होता, ‘संकटकाळी सरकारपेक्षा खासगी उद्योग अधिक उपयोगी पडतो.’ मी विरोधी बाजूने बोललो आणि हरलो. हरण्याचे दुःख नाही. परंतु ज्या एका उदाहरणाने मी हरलो, ते उदाहरण पुढे कित्येक दिवस माझ्या डोक्यातून जाईना. माझ्या वर्गमित्राने अमेरिकेतील कॅटरिना चक्रीवादळाचा दाखला दिला होता. २००५ च्या ऑगस्टमध्ये त्या वादळाने मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावरील बे सेंट लुइस या गावाजवळचे दोन पूल मोडले. एक रेल्वेचा, दुसरा रस्त्याचा. रेल्वेचा पूल खासगी कंपनीचा होता, तो सुमारे पाच महिन्यांत वाहतुकीस खुला झाला. रस्त्याचा पूल सरकारी होता, त्यावरून पहिली मोटार जायला २००७ चा मे महिना उजाडला. “आता बोला,” असे म्हणून तो खाली बसला. टाळ्या पडल्या. मला बोलता आले नाही.

वादसभा संपली तरी वाद संपत नाही, हा वर्गाबाहेरचा नियम आहे. मी त्या पुलाविषयी जेवढे मिळेल तेवढे वाचले. वाचताना मला दोन गोष्टी पटल्या. पहिली, माझा मित्र सांगत होता ती हकीकत खरी होती आणि तिच्याविषयी आदर बाळगायलाच हवा. दुसरी, त्याने हकीकत अर्ध्यावर सोडली होती. उरलेली अर्धी सांगण्यासाठी हा लेख आहे. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी तो जरूर वाचावा.

प्रथम त्या प्रदेशाची ओळख करून घेतली पाहिजे. मिसिसिपी नदी समुद्राला मिळण्यापूर्वी न्यू ऑर्लिन्स शहराला वळसा घालते. हे शहर म्हणजे अमेरिकेच्या रेल्वेचे एक महाद्वार आहे. पूर्वेकडच्या रेल्वे कंपन्या आणि पश्चिमेकडच्या रेल्वे कंपन्या येथे एकमेकींना भेटतात आणि वाघिणींची देवाणघेवाण करतात. कॅटरिनाच्या वेळी खंडातील सहा मोठ्या मालवाहू कंपन्या या एका शहरात येऊन मिळत होत्या. त्यांना जोडणारी शहराची स्वतःची एक छोटी सार्वजनिक रेल्वे आहे आणि नदीवरचा १९३५ साली बांधलेला ह्यूई लाँग पूलही तिच्याच मालकीचा आहे. आपल्याकडे रेल्वे म्हटली की एकच घर डोळ्यांसमोर येते. तिकडे तसे नाही. तेथे रूळ, खडी, पूल, सिग्नल हे सारे बहुतेक खासगी मालवाहू कंपन्यांचे असते. दुरुस्तीही त्यांनीच करायची आणि खर्चही त्यांनीच सोसायचा. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचे समजणे सोपे जाईल.

वादळ येण्यापूर्वी या कंपन्या काय करतात, ते आपल्याकडच्या प्रत्येक नगरपालिकेने वाचण्यासारखे आहे. वादळाची दिशा दोन-तीन दिवस आधी कळू लागते. तेव्हापासून त्या भागाकडे जाणारा माल स्वीकारणे कंपन्या थांबवतात. म्हणजे नंतर वाघिणी कोठे अडकल्या याचा शोध घेण्याची पाळी येत नाही. सखल यार्डांतली इंजिने आणि वाघिणी उंचावरच्या यार्डांत हलवल्या जातात. फाटकांचे लांब दांडे वाऱ्याने मोडू नयेत म्हणून काढून ठेवतात. जहाजांसाठी उघडणारे पूल बंद करून पक्के जखडतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वादळाच्या वाटेच्या दोन्ही अंगांना, पण त्याच्या तडाख्याबाहेर, खडीने भरलेल्या गाड्या, स्लीपर, तयार जोडलेल्या रुळांचे तुकडे, क्रेन, विजेची जनित्रे आणि माणसे उभी करून ठेवतात. वादळ सरले की दोन्हीकडून काम सुरू होते.

मग रुळांवर आणि रस्त्यावर अशा दोन्ही ठिकाणी चालणाऱ्या मोटारी घेऊन तपासनीस निघतात. जेथे मोटार जात नाही तेथे हेलिकॉप्टरमधून पाहणी होते. मागोमाग करवती घेतलेल्या टोळ्या पडलेली झाडे कापत पुढे सरकतात. जेथे पाण्याने भराव नेला असेल तेथे खडी ओतली जाते. वीज नसेल तर सिग्नलला आणि फाटकाला जनित्र जोडले जाते. या अवधीत माल थांबत नाही. न्यू ऑर्लिन्सचे दार बंद झाले तेव्हा कंपन्यांनी पूर्व-पश्चिम वाहतूक मेंफिस, सेंट लुइस अशा उत्तरेकडच्या दारांवरून वळवली. शेकडो मैलांचा वळसा पडला, त्या दारांवर गर्दी झाली, पण गाड्या चालत्या राहिल्या.

आता कॅटरिनाचीच गोष्ट घेऊ. २९ ऑगस्ट २००५ रोजी ते किनाऱ्याला लागले. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी समुद्राचे पाणी सुमारे २८ फूट चढले होते. हजाराहून अधिक माणसे मेली. न्यू ऑर्लिन्सच्या उत्तरेला पाँचरट्रेन नावाचे अफाट सरोवर आहे आणि त्यावर नॉर्फोक सदर्न कंपनीचा जवळजवळ सहा मैल लांबीचा पूल आहे. त्या पुलावरचे सुमारे पाच मैल लांबीचे रूळ लाटांनी स्लीपरसकट उचलून सरोवरात टाकले. पूल उभा होता, पण उघडा पडला होता. कंपनीने क्रेन आणल्या, पाण्यात पडलेले रूळ तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढले आणि परत जागेवर बसवले. साधारण दोन आठवड्यांत त्या पुलावरून मालगाडी गेली. ज्या शहराचा मोठा भाग अजून पाण्याखाली होता, त्या शहरात ती गेली.

सी.एस.एक्स. कंपनीचे दुखणे याहून मोठे होते. न्यू ऑर्लिन्सपासून अलाबामा राज्यातील मोबील या बंदरापर्यंत तिचा मार्ग अगदी समुद्राच्या काठाकाठाने जातो. या मार्गाचे सुमारे शंभर मैल उद्ध्वस्त झाले. सहा मोठे पूल जायबंदी झाले. बे सेंट लुइस येथील जवळपास दोन मैल लांबीच्या पुलाचा वरचा भाग खाडीत गेला. खांब तेवढे उरले. कंपनीने सुमारे २५ ते ३० कोटी डॉलर खर्चून हा मार्ग पुन्हा उभा केला. त्यातला काही भाग विम्यातून आला. २००६ च्या सुरुवातीला त्यावरून गाड्या सरळ धावू लागल्या. येथवर माझा मित्र बरोबर होता.

हे एवढ्या लवकर कसे झाले? माझ्या मते याची कारणे अगदी रोखठोक आहेत. जमीन कंपनीची होती, त्यामुळे कोणाकडून ती घेण्याचा प्रश्न नव्हता. निर्णय एका कचेरीत होत होता. सामान आधीच उभे करून ठेवलेले होते. आणि खांब शाबूत होते, म्हणून कंपनीला जुन्याच जागी, जुन्याच उंचीवर नवा पृष्ठभाग चढवता आला. रस्त्याचा पूल मात्र जसा होता तसा न बांधता नव्याने, जहाजे खालून जातील एवढा उंच बांधला गेला. म्हणजे वादसभेत जी तुलना झाली ती मोडलेले कौल बदलणारा आणि नवे घर बांधणारा यांच्यातली होती. खांबच गेले तर खासगी कंपनीलाही घाई करता येत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात हेलेन वादळाच्या पावसाने टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्या सीमेवरील डोंगरात नोलिचकी नदीला पूर आला आणि सी.एस.एक्स.चा नदीकाठचा मार्ग भरावासकट नाहीसा झाला. तो पुन्हा सुरू व्हायला सुमारे एक वर्ष लागले. तेही पर्यावरणवाद्यांशी कोर्टकचेरी करून; कारण कंपनी नदीच्या पात्रातले दगड काढून भरावाला वापरते, अशी त्यांची तक्रार होती.

तरीही पाच महिने ही थोडी गोष्ट नव्हे. आणि येथे माझ्या बाजूच्या मित्रांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना एक खोड असते. ‘माल’ हा शब्द उच्चारला की आम्हाला नफा दिसतो, आणि ‘माणूस’ म्हटले की डोळ्यांत पाणी येते. पण त्या वाघिणींत काय असते ते पाहावे. पाणी शुद्ध करण्याचा क्लोरीन रेल्वेच्या टाक्यांतून जातो. वीजकेंद्राचा कोळसा जातो. कोंबड्यांचे आणि गुरांचे खाद्य जाते, घर पुन्हा बांधायचे लाकूड जाते. पूर ओसरल्यावर नळाला जे पाणी येते, त्यात कोठल्या तरी मालगाडीचा वाटा असतो. म्हणून पहिली गाडी मालाची असावी, याबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्यांची स्वतःची घरे वाहून गेली होती असेही कामगार त्या दुरुस्तीवर होते. त्यांच्या कष्टांना नावे ठेवण्याचा अधिकार मला कोणी दिला?

तक्रार आहे ती पुढच्या गाडीबद्दल.

कॅटरिनापूर्वी त्याच सी.एस.एक्स.च्या मार्गावरून एक प्रवासी गाडी जात असे. तिचे नाव सनसेट लिमिटेड. १९९३ पासून ती पार लॉस एंजल्सहून न्यू ऑर्लिन्समार्गे फ्लॉरिडापर्यंत जाई, आठवड्यातून तीनदा. मोठी वक्तशीर गाडी होती असे नाही. पण मोटार न चालवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला बिलॉक्सीहून न्यू ऑर्लिन्सला जायला ती एक वाट होती. वादळात ती थांबली. पाच महिन्यांनी रूळ तयार झाले, मालगाड्या धावू लागल्या, पण प्रवासी गाडी आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. २००८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा करून तिच्या पुनरारंभाची योजना मागवली, २००९ मध्ये अहवाल सादर झाला, आणि गाडी मात्र आली नाही. शेवटी १८ ऑगस्ट २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्स ते मोबील अशी ‘मार्डी ग्रा’ नावाची नवी गाडी सुरू झाली. दिवसातून दोन खेपा, अंतर सुमारे दीडशे मैल, वाटेत बे सेंट लुइस, गल्फपोर्ट, बिलॉक्सी आणि पॅस्कगूला ही चार स्थानके. मोबीलच्या पूर्वेकडचा फ्लॉरिडापर्यंतचा तुकडा त्या दिवशीही प्रवाशांवाचूनच राहिला.

हिशेब अगदी सरळ आहे. एकच वादळ, एकच मार्ग, तेच पूल. माल पोचायला पाच महिने लागले. माणूस पोचायला वीस वर्षे लागली.

असे का व्हावे? याचे मूळ १९७० सालापर्यंत जाते. त्या वर्षी झालेल्या कायद्याने खासगी रेल्वे कंपन्यांच्या गळ्यातले तोट्याचे लोढणे, म्हणजे लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या, काढून घेतले आणि ते अ‍ॅमट्रॅक नावाच्या सरकारी आधारावरच्या संस्थेच्या गळ्यात घातले. १ मे १९७१ पासून अ‍ॅमट्रॅक या गाड्या चालवू लागली. पण रूळ मात्र बहुतेक ठिकाणी मालवाहू कंपन्यांचेच राहिले. प्रवासी गाडीला मालगाडीपेक्षा अग्रक्रम द्यावा, असे कायदा सांगतो. परंतु सिग्नल ज्याच्या हाती, गाडी त्याची. दुसऱ्याच्या वाड्यात बिऱ्हाड केलेल्या माणसाची स्थिती आपण सर्वजण जाणतो.

आता कंपन्यांची बाजू ऐकू. अ‍ॅमट्रॅकने २०२१ च्या मार्चमध्ये सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड या नियामक मंडळाकडे धाव घेतली. २०२२ मध्ये सुनावण्या झाल्या. सी.एस.एक्स. आणि नॉर्फोक सदर्न या दोन्ही कंपन्यांचे म्हणणे असे, की हा मार्ग बहुतांशी एकेरी आहे, त्यावर जहाजांसाठी उघडणारे पूल पुष्कळ आहेत, मोबील बंदराच्या मालाची गर्दी आहे. तेव्हा आधी कोट्यवधी डॉलर खर्चून मार्ग वाढवा, मग प्रवासी गाडी आणा. हा युक्तिवाद मला अगदीच पोकळ वाटत नाही. स्वतःच्या पैशाने उभा केलेला मार्ग दुसऱ्याला वापरू देताना कोणीही हिशेब करणारच. २०२२ च्या अखेरीस तडजोड झाली. त्यानंतरही स्थानके, पैसा आणि स्थानिक पातळीवरची भांडणे यांत आणखी पावणेतीन वर्षे गेली.

आणि दोष एकट्या कंपन्यांचा नाही, हेही येथेच कबूल केले पाहिजे. २००६ मध्ये रूळ तयार असताना अ‍ॅमट्रॅकने आपली गाडी परत आणली नाही. अलाबामा राज्याला तिच्यासाठी पैसे खर्चण्याची उत्सुकता नव्हती. उलट त्याच २००६ मध्ये मिसिसिपीच्या दोन सेनेटरांनी सुमारे ७० कोटी डॉलर मागितले. ते कशासाठी? तर नुकताच दुरुस्त झालेला हा मार्ग समुद्रकाठावरून उचलून आतल्या बाजूला न्यावा आणि मोकळ्या झालेल्या जागेवर रस्ता करावा यासाठी. त्यावर सेनेटमध्ये मोठा वाद झाला आणि अखेरच्या विधेयकातून ती तरतूद वगळली गेली. रूळ हलवण्यासाठी पैसे मागणारे लोक होते, पण त्या रुळांवरून माणसे नेण्यासाठी तितक्या जोराने मागणारे कोणी नव्हते.

म्हणून मला वाटते, आमच्या वादसभेचा विषयच चुकला होता. खासगी की सरकारी, हा खरा प्रश्न नाही. खरा प्रश्न, धनी कोण, हा आहे. मालाला धनी असतो. वाघीण रुळावर चढली की तिची पावती फाटते. पाठवणारा असतो, घेणारा असतो, आणि ती अडकली की दोघेही रोज सकाळी कंपनीला दूरध्वनी करतात. शिवाय अमेरिकेच्या कायद्याने मालवाहू रेल्वेवर एक जुने बंधन आहे. कोणी वाजवी मागणी केली तर माल नेलाच पाहिजे. क्लोरीन हा विषारी वायू. अपघात झाला तर कंपनीचे दिवाळे निघू शकते, म्हणून कंपन्यांना तो नकोसा असतो. तरी २००९ मध्ये त्याच नियामक मंडळाने युनियन पॅसिफिक कंपनीला सांगितले, की दूरच्या ठिकाणीही क्लोरीन नेण्याचे दर तुला द्यावेच लागतील. म्हणजे क्लोरीनच्या टाकीला ‘नाही’ म्हणता येत नाही. बिलॉक्सीच्या म्हातारीला वीस वर्षे ‘नाही’ म्हणता येते, आणि ते नेमके कोणी म्हटले याचा शोधही लागत नाही.

या म्हातारीला धनी नाही, हे वादळापूर्वीच सिद्ध झाले होते. न्यू ऑर्लिन्समध्ये त्या वेळी चार घरांपैकी सुमारे एका घराकडे मोटार नव्हती. आणि शहर सोडा, असा हुकूम निघाला तो मोटार असणाऱ्यांनाच पाळता येण्यासारखा होता. शनिवारी, २७ ऑगस्टच्या रात्री अ‍ॅमट्रॅकने आपले डबे सुरक्षित जागी नेण्यासाठी एक गाडी शहराबाहेर काढली. तीत शेकडो माणसे बसू शकली असती. आम्ही शहराला जागा देऊ केल्या होत्या, असे अ‍ॅमट्रॅकचे म्हणणे. असा देकार आमच्यापर्यंत आलाच नाही, असे महापौरांचे म्हणणे. खरे कोणाचे ते असो. गाडी प्रवाशांवाचून गेली, एवढे दोघांनाही नाकारता आले नाही. डबे वाचले. पुढच्या आठवड्यात त्याच शहराच्या प्रवासी रेल्वे स्थानकात तात्पुरता तुरुंग उघडण्यात आला. ज्या फलाटांवरून माणसांनी बाहेर पडायचे, तेथे त्यांना कोंडण्यासाठी जाळ्या उभ्या राहिल्या.

हा प्रकार एकट्या कॅटरिनाचा नव्हे. सत्तर वर्षांपूर्वी, २ सप्टेंबर १९३५ रोजी, फ्लॉरिडाच्या दक्षिणेकडील बेटांवर एक भयंकर वादळ आदळले. त्या बेटांवरून की वेस्टपर्यंत समुद्रावरून जाणारी रेल्वे १९१२ साली पुरी झाली होती. बेटांवर पहिल्या महायुद्धातील माजी सैनिक रस्त्याच्या कामावर होते. त्यांना आणण्यासाठी मायामीहून गाडी मागवली गेली, पण फार उशिरा. सुट्टीचा दिवस, माणसे गोळा करण्यात वेळ गेला. वाटेत नदीवरचा पूल जहाजांसाठी उघडलेला. पुढे इंजिन फिरवून जोडण्यात आणखी वेळ. गाडी रात्री आयलामोराडाला पोचली आणि समुद्राच्या लाटेने तिचे अकराही डबे रुळांवरून फेकून दिले. एकटे इंजिन तेवढे उभे राहिले. त्या वादळात चारशेहून अधिक माणसे मेली. आणि त्या मार्गाचे काय झाले? कंपनी आधीच दिवाळखोर होती, त्या बाजूला मालही फारसा नव्हता. तिने मार्ग आणि पूल ६ लाख ४० हजार डॉलरला राज्य सरकारला विकून टाकले. १९३८ मध्ये त्यांवरून मोटाररस्ता सुरू झाला. म्हणजे ज्या मार्गाला माल होता तो पाच महिन्यांत उठला, ज्याला नव्हता तो पुन्हा उठलाच नाही.

येथे आपल्याकडचे एक उदाहरण आठवल्यावाचून राहत नाही. १९६४ च्या डिसेंबरात तामिळनाडूच्या टोकाला, धनुष्कोडी येथे, वादळाने एक प्रवासी गाडी उतारूंसह गिळली आणि रामेश्वर बेटाला जोडणाऱ्या पांबन पुलाचे बहुतेक गर्डर समुद्रात टाकले. दुरुस्तीला आधी सहा महिन्यांची मुदत ठरली होती. पुढे ज्यांनी कोकण रेल्वे उभारली, त्या ई. श्रीधरन या तेव्हाच्या तरुण अभियंत्याकडे काम आले आणि समुद्रतळाचे गर्डर वर काढून पूल ४६ दिवसांत उभा राहिला. पाँचरट्रेन सरोवरातले रूळ वर काढण्याचीच ही कथा, चाळीस वर्षे आधीची. पण रामेश्वरला काही मोठे बंदर नव्हते. तेथे मुख्यतः यात्रेकरू आणि बेटावरची माणसे जातात. पूल त्यांच्यासाठी बांधला गेला. अर्थात, हे सांगताना छाती फुगवण्याचे कारण नाही. धनुष्कोडीपर्यंतचा मार्ग आपणही पुन्हा घातला नाही. ते गाव ओसाडच राहिले. तरी एवढे दिसते, की माणसांसाठी घाई करायची ठरवली तर ती करता येते. क्रेन माणूस आणि माल असा भेद करत नाही. तो भेद आधी कागदावर झालेला असतो.

मग करावे काय? मी काही रेल्वेमंत्री नाही. पण एका विद्यार्थ्याला जे सुचते ते मांडतो. वादळानंतर पहिली गाडी मालाची असावी; तीत औषध, क्लोरीन आणि अन्न असते. पण ज्या दिवशी एखाद्या मार्गावरून मालगाडी नेहमीप्रमाणे धावू लागते, त्या दिवसापासून प्रवासी गाडीच्या पुनरारंभाची मुदत मोजायला सुरुवात व्हावी. ती तारीख कायद्यात लिहिलेली असावी. ती चुकली तर कोणी तरी, मग ती कंपनी असो, अ‍ॅमट्रॅक असो वा राज्य सरकार असो, उत्तर द्यायला बांधलेले असावे. क्लोरीनच्या टाकीला जो हक्क आहे, तेवढाच माणसाला असावा. याहून अधिक मागणी मी करत नाही. आणि वादळाआधी शहराबाहेर निघणारा प्रत्येक रिकामा डबा आधी माणसांना विचारून मग निघावा.

माझ्या वर्गमित्राला मी हा लेख छापण्यापूर्वी वाचून दाखवला. तो म्हणाला, “म्हणजे मी जिंकलो होतो ते बरोबरच होते ना?” मी म्हटले, “होय, पाच महिन्यांपुरते.” त्यावर त्याने थोडा वेळ विचार केला आणि विचारले, “आणि पुढच्या साडेएकोणीस वर्षांचे काय?”

हा प्रश्न त्याने विचारला, यातच आमची वादसभा सार्थकी लागली असे मी समजतो. पुढच्या वर्षी विषय निवडताना आमच्या प्राध्यापकांनी तोच प्रश्न द्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे. ‘सरकारी की खासगी’ हे आता पुरे झाले. ज्याची पावती फाटत नाही त्याला गाडीत जागा कोणी द्यायची, यावर एकदा बोलू या.